मानेतली गाठ व्हेगस नर्व्हची निघाली, बहीण शिक्षिका आहे, ऑपरेशन करावं का थांबावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. माझी ताई, वय ४१, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मानेत उजव्या बाजूला, जबड्याच्या कोनाखाली गाठ आहे, दोनेक वर्षं तरी झाली असतील. दुखत नाही, ताप नाही, वजन उतरलं नाही म्हणून तिने अंगावर काढलं. मग गाठ पदराआडून दिसायला लागली तेव्हा आईने हट्टाने दवाखान्यात नेलं. तिथे टीबीची गाठ असेल म्हणून सुईची तपासणी झाली, सुई घातली तशी तिला कानाकडे करंट गेल्यासारखं झालं आणि खोकल्याची मोठी उबळ आली. रिपोर्टमध्ये रक्तच जास्त, पेशी अपुऱ्या, निदान होऊ शकत नाही असं लिहून आलं. तरी अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. गाठ तसूभरही कमी नाही.

आता तालुक्याला एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कॉन्ट्रास्टचा एमआरआय करायला लावला. त्यात लिहिलंय की उजव्या कॅरोटिड स्पेसमध्ये ३.८ बाय २.६ सेंटीमीटरची गाठ, टी-टू वर ब्राइट, कॅरोटिड आर्टरी आणि ज्युग्युलर व्हेन एकमेकींपासून लांब सरकलेल्या, व्हेगल स्वानोमाची शक्यता. एक सर्जन म्हणाले काढून टाकू, पुढच्या आठवड्यात या. दुसरे म्हणाले साधी गाठ आहे, राहू दे, वर्षाने परत एमआरआय करा. ताईचा एकच प्रश्न, माझा आवाज जाईल का? तिचं सगळं आयुष्य पोरांना शिकवण्यात गेलंय, आवाज गेला तर ती खचेल. हा कॅन्सर आहे का, परत बायोप्सी करावी का, आणि कोणत्या डॉक्टरांचं ऐकावं? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

डॉ_कानघसा

दादा, मी हेड-नेक सर्जरी करतो, रिपोर्ट प्रत्यक्ष न बघता ठाम काही बोलता येणार नाही पण तुम्ही जे लिहिलंय ते इतकं जुळतंय की थोडं सविस्तर सांगतो.

पहिलं म्हणजे स्वानोमा हा कॅन्सर नाही. नर्व्हवर जे आवरण असतं त्यातल्या श्वान पेशींपासून ही गाठ वाढते, हळूहळू, वर्षाला काही मिलिमीटर. शरीरात डोक्याच्या कवटीबाहेर ज्या स्वानोमा होतात त्यातल्या साधारण पंचवीस ते चाळीस-पंचेचाळीस टक्के डोकं-मानेच्या भागात असतात आणि तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान जास्त दिसतात, म्हणजे ताईंचं वय त्यात अगदी बसतं. कॅन्सरमध्ये रूपांतर होणं फारच विरळा. त्यामुळे पुढच्या आठवड्यात पळत सुटायची गरज नाही, हे आधी घरात सगळ्यांना सांगा, रात्रीची झोप तरी लागेल.

आता निदान. ताईंना दाबल्यावर किंवा सुई घातल्यावर खोकल्याची उबळ आली हे फार मोलाचं आहे, कारण व्हेगस नर्व्ह घशाला, स्वरयंत्राला जाते आणि तिला डिवचलं की खोकला येतो, दुसऱ्या गाठींमध्ये हे सहसा होत नाही. गाठ डावी-उजवी हलते पण वर-खाली हलत नाही असंही बघितलं असेल डॉक्टरांनी, पण ते कॅरोटिड बॉडी ट्युमरमध्येही, म्हणजे कॅरोटिड रक्तवाहिनीच्या फाट्यावर होणाऱ्या गाठीतही, होतं म्हणून त्यावर एकट्यावर विसंबता येत नाही. खरं काम एमआरआय करतो. व्हेगस नर्व्ह कॅरोटिड आर्टरी आणि ज्युग्युलर व्हेनच्या मध्ये, थोडी मागे असते, त्यामुळे तिची गाठ वाढली की त्या दोन रक्तवाहिन्या एकमेकींपासून फाकतात. सिम्पथेटिक चेन ही मानेतली दुसरी नर्व्ह मात्र या दोन्हींच्या मागून जाते, तिची गाठ असेल तर दोन्ही वाहिन्या जोडीनेच पुढे ढकलल्या जातात, फाकत नाहीत. आणि कॅरोटिड बॉडी ट्युमर असेल तर इंटर्नल आणि एक्स्टर्नल कॅरोटिड जिथे दुभागतात त्या फाट्यातच तो बसतो आणि त्या दोघींना फाकवतो, शिवाय त्यात रक्त खूप खेळतं म्हणून एमआरआयवर काळे ठिपके दिसतात. तुमच्या रिपोर्टमधली 'लांब सरकलेल्या' ही ओळ म्हणूनच महत्त्वाची. शंभर टक्के नियम नाही, अपवाद दिसतात, पण ऑपरेशनच्या आधी कुठल्या नर्व्हची गाठ आहे याचा अंदाज घेणं म्हणजे ताईंना आधीच सांगता येणं की नंतर काय बिघडू शकतं. मी याला सगळ्यात जास्त महत्त्व देतो. ज्या सर्जनने कुठली नर्व्ह हे न सांगता तारीख दिली, त्यांना हा प्रश्न जाऊन नक्की विचारा.

एक गोष्ट राहिली असेल तर करून घ्या, प्लाझ्मा किंवा लघवीतल्या मेटानेफ्रिनची, म्हणजे ब्लडप्रेशर वाढवणाऱ्या हार्मोनच्या अंशाची, टेस्ट. मानेतला पॅरागँग्लिओमा, म्हणजे कॅरोटिड बॉडी ट्युमरच्या जातीची गाठ, बहुतेक वेळा हार्मोन सोडत नाही पण जो सोडतो त्याला टेस्ट न करता भूल दिली तर ब्लडप्रेशर भयंकर वर जाऊ शकतं. साध्या टेस्टने तो धोका टळतो. आणि ऑपरेशनच्या आधी दुर्बिणीने दोन्ही व्होकल कॉर्ड, म्हणजे स्वरतंतू, हलतायत का बघून तशी नोंद करून घ्या, नंतर तुलना करायला लागते.

स्लाइडवाली

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, सुईबद्दल लिहिते. अशा गाठीत एफएनएसी, म्हणजे सुईची तपासणी, बऱ्याचदा हुकते, कारण पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, सुईत येत नाहीत, आणि गाठ जुनी असली की आत पाणी किंवा रक्त साचलेलं असतं, तेच ओढलं जातं. मग रिपोर्टमध्ये 'अपुरा नमुना' येतो. हा तंत्रज्ञाचा दोष नाही. पण अपुरा नमुना म्हणजे टीबी असा अर्थ होत नाही, हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं. आपल्याकडे मानेत गाठ म्हटलं की टीबी आधी डोक्यात येतो आणि ते साहजिक आहे, टीबीच्या गाठी खरंच खूप असतात, पण टीबीच्या गाठी सहसा एकापेक्षा जास्त, एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि एकटीच गोल, डावी-उजवी हलणारी, वर्षानुवर्षं तशीच असलेली गाठ बघितली की दुसरा विचार करायला हवा. नमुन्यात ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसणारे पेशींचे पुंजके) नाही, जीनएक्स्पर्टमध्ये (टीबीच्या जंतूंची टेस्ट) काही नाही तर गोळ्या कशाच्या आधारावर चालू आहेत हे फिजिशियनला विचारा. स्वतः मनाने बंद करू नका मात्र, डॉक्टरांशी बोलूनच.

परत सुई किंवा जाड सुईची कोअर बायोप्सी करायची का तर माझं मत, चित्र एवढं स्पष्ट असेल तर नाही. करंटसारखी कळ येते, नर्व्हला इजा होऊ शकते, आणि बायोप्सीमुळे आत चिकटलेलं झालं तर पुढे सर्जनला गाठ सोडवताना त्रास होतो. चीर देऊन उघडी बायोप्सी तर नकोच, आत कॅरोटिड बॉडी ट्युमर निघाला तर रक्तस्राव आवरत नाही. शेवटचं निदान काढलेल्या गाठीवरच होतं. सूक्ष्मदर्शकाखाली घट्ट आणि सैल असे दोन प्रकारचे भाग दिसतात, त्यांना अँटोनी ए आणि अँटोनी बी म्हणतात, आणि घट्ट भागात केंद्रकांच्या रांगा समोरासमोर लागलेल्या असतात त्या व्हेरोके बॉडीज, व्हेरोके यांनी १९१० मध्येच त्यांचं वर्णन केलं. त्यावर एस-१०० आणि सॉक्स-१० हे रंग जोरदार चढले की शंका राहत नाही.

लातूरकर_७९

कृष्णाकाठ दादा, माझं ऑपरेशन झालंय म्हणून लिहितो. माझी गाठ डाव्या बाजूला, ती सिम्पथेटिक चेनची होती, म्हणजे ताईंपेक्षा वेगळी, तरी ऑपरेशन झाल्यावर काय होतं याची कल्पना येईल. मला गाठीचा त्रास काहीच नव्हता, दाढी करताना हाताला लागली. बाहेरच्या डॉक्टरने कॅरोटिड बॉडी ट्युमर म्हणून घाबरवलं, नंतर मोठ्या शहरातल्या हेड-नेक विभागात गेलो तिथल्या मॅडमनी आधीच कागदावर चित्र काढून सांगितलं की तुमच्या डाव्या डोळ्याची पापणी थोडी खाली येईल, बाहुली लहान होईल, त्या बाजूला चेहऱ्याला घाम कमी येईल, आवाज मात्र बहुतेक राहील. आणि अगदी तसंच झालं. पापणी अजून थोडी पडलेलीच आहे, आरशात बघताना सुरुवातीला वाईट वाटायचं, आता कुणाला सांगितल्याशिवाय कळत नाही.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगितली नव्हती ती म्हणजे जेवणाचा पहिला घास. पहिला घास तोंडात घेतला की कानाखाली जबड्यात अशी कळ यायची की डोळ्यातून पाणी, दुसऱ्या-तिसऱ्या घासाला कमी होत जायची. लिंबू, लोणचं तर बंदच केलं होतं. नंतर कळलं त्याला फर्स्ट बाइट सिंड्रोम म्हणतात, त्या नर्व्हच्या ऑपरेशननंतर होतो, लाळग्रंथीची सिम्पथेटिक सप्लाय गेली की होतो. कालांतराने कमी होत जातो, माझाही कमी झाला, ज्यांचा होत नाही त्यांना बोटॉक्सचं इंजेक्शन देतात म्हणे. हे लिहितोय कारण ताईंच्या ऑपरेशनमध्ये काय काय होऊ शकतं ते सगळं आधी कागदावर लिहून घ्या, नंतर अचानक झालं की माणूस घाबरतो.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टर साहेब, आता आम्हाला तिघांना एकच खटकतंय. ऑपरेशन केलं तर नर्व्ह कापावीच लागते का? ताईला एकाने 'आवाज बसणारच' असं तोंडावर सांगितलंय, ती तेव्हापासून शांत झालीय.

आणि मामांनी सांगितलं की मेंदूच्या गाठीला गॅमा नाइफ करतात तसं इथे करता येईल का?

डॉ_कानघसा

'बसणारच' असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. आणि 'काहीच होणार नाही' असं कुणी म्हणालं तर तेही पटत नाही.

गॅमा नाइफचा आधी निकाल लावू. ते कानाच्या नर्व्हच्या व्हेस्टिब्युलर स्वानोमाला करतात, कवटीच्या आत. मानेतल्या स्वानोमाला सहसा किरणं देत नाहीत, इथे ऑपरेशन नाहीतर निरीक्षण हे दोनच खरे मार्ग.

आता नर्व्हबद्दल. जुन्या पद्धतीत गाठ आणि नर्व्ह दोन्ही एकत्र काढायचे, त्यात व्होकल कॉर्ड लुळी पडणं जवळजवळ ठरलेलं. पण स्वानोमा नर्व्हच्या धाग्यांमध्ये घुसत नाही, धागे तिच्या कवचावर पसरलेले असतात, म्हणून आता बहुतेक ठिकाणी इंट्राकॅप्सुलर एन्युक्लिएशन करतात. मानेच्या घडीतून चीर, स्टर्नोमॅस्टॉइड स्नायू मागे घेऊन कॅरोटिड, ज्युग्युलर आणि जिभेची हायपोग्लॉसल नर्व्ह आधी ओळखायच्या, मग गाठीवरचे धागे कुठून जातात ते बघत, स्टिम्युलेटरने तपासत, जिथे धागा नाही तिथे नर्व्हच्या लांबीच्या दिशेने कवच उघडायचं आणि शेंगेतून दाणा काढावा तशी आतली गाठ सोडवून घ्यायची, कवच आणि धागे जागेवर ठेवायचे. कवच थोडं मागे राहिलं म्हणून फार बिघडत नाही, पुन्हा वाढणं कमीच दिसतं, आणि नर्व्ह जाण्यापेक्षा ते केव्हाही परवडलं. त्यासाठी भूल देताना स्वरयंत्रात इलेक्ट्रोड असलेली ट्यूब टाकतात, नर्व्ह डिवचली की मॉनिटरवर सिग्नल येतो. मॉनिटर चालायला हवा तर स्नायू शिथिल करणारी लांब परिणामाची औषधं भूलतज्ज्ञांनी देऊ नयेत, हे आधी ठरलेलं असावं लागतं. व्हेगस हाताळताना हृदयाचे ठोके मंदावू शकतात, त्यासाठी भूलतज्ज्ञ जागे असतात.

तरीही धागे ताणले गेल्याने काही काळ आवाज बसणं अनेकांना होतं. नर्व्ह अखंड असली तर बहुतेकांचा सुधारतो, पण आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत वेळ लागतो. काही वेळा मात्र नर्व्ह खरंच वाचत नाही, गाठच तिला पूर्ण व्यापते, मग टोकं जोडून किंवा पायाच्या सुरल नर्व्हचा तुकडा घालून ग्राफ्ट करतात. ते केल्यावर कॉर्डला हालचाल परत येईलच असं नाही पण स्नायू सुकत नाही आणि आवाजाला आधार राहतो. आणि गाठ व्हेगसच्या वरच्या भागात असल्यामुळे फक्त आवाज नाही, पाणी पिताना ठसका लागणं, आवाजाची वरची पट्टी जाणं हेही होऊ शकतं, कारण स्वरयंत्राकडे जाणारा सुपीरियर लॅरिंजियल फाटाही तिथूनच निघतो.

म्हणून ताईंच्या बाबतीत माझा कल असा, की गाठ आत्ता त्रास देत नसेल, आवाज चांगला असेल, गिळायला अडचण नसेल तर सहा महिने ते वर्षाने परत एमआरआय करून वाढ बघणं हा आळस नव्हे, तो खराखुरा उपचाराचा पर्याय आहे. वाढ होत राहिली, घशाच्या आतल्या बाजूने फुगवटा आला, आवाज किंवा गिळणं बदललं, किंवा कॅन्सरची शंका येण्यासारखं काही दिसलं, म्हणजे झपाट्याने वाढ, सतत दुखणं, तर लगेच काढायची. दुसऱ्या बाजूने, आज ४१ व्या वर्षी गाठ लहान असताना काढणं सोपं आणि नर्व्ह वाचण्याची शक्यता जास्त, मोठी होऊ दिली तर धागे पातळ होऊन ओळखता येत नाहीत, हेही तितकंच खरं. निर्णय ताईंचाच. फक्त जो सर्जन असेल त्यांना विचारा की तुम्ही इंट्राकॅप्सुलर करता का, मॉनिटर वापरता का, नर्व्ह सापडली नाही तर काय करणार, आणि अशा किती केल्यात. ज्यांना हे प्रश्न विचारलेले आवडत नाहीत त्यांच्याकडून करू नका.

आणखी एक विचारा ताईंना. दुसरीकडे कुठे गाठी आहेत का, ऐकायला कमी येतं का, कानात आवाज येतो का, घरात कुणाला अशाच गाठी होत्या का? एकापेक्षा जास्त स्वानोमा असतील तर एनएफ-२ या जनुकाशी निगडित श्वानोमॅटोसिसचा, म्हणजे अशा अनेक गाठी होण्याच्या आजाराचा, विचार करावा लागतो, पूर्वी त्याला न्युरोफायब्रोमॅटोसिस टाइप दोन म्हणायचे, २०२२ मध्ये नाव बदललं. ताईंना काही नसेल तर उगाच घाबरू नका.

आवाजघर_पुणे

मी स्पीच थेरपिस्ट, शिक्षकांच्या आवाजावर काम करते. ताईंनी ऑपरेशन होवो न होवो, आजच आवाजाचं मूल्यमापन करून घ्यावं, मोबाइलवर रोजच्या बोलण्याचं, एखाद्या कवितेच्या वाचनाचं रेकॉर्डिंग ठेवावं. ऑपरेशननंतर आवाज बसला तर पहिले दिवस कुजबुजून बोलू नये, कुजबुजण्यानेही गळ्याच्या स्नायूंवर ताण येतो, हळू आणि मोजकं बोलावं. पाण्याचा ठसका लागत असेल तर मान बिघडलेल्या बाजूला वळवून, हनुवटी खाली करून घोट घ्यायचा, हे आम्ही शिकवतो. थेरपी लवकर सुरू झाली तर दुसऱ्या, चांगल्या बाजूचा कॉर्ड मध्यरेषेपर्यंत यायला शिकतो आणि आवाज भरतो.

कॉर्ड हललाच नाही तरी सगळं संपलं असं नाही. सुरुवातीला कॉर्डमध्ये तात्पुरतं इंजेक्शन देऊन ती आत ढकलता येते, आणि बरे व्हायला पुरेसा वेळ देऊनही, साधारण वर्षभराने, सुधारणा नसेल तर थायरोप्लास्टी करतात, म्हणजे गळ्याच्या कूर्चेत खिडकी करून कॉर्डला आतून आधार देतात. त्यानंतर वर्गात बोलणारे शिक्षक मी पाहिलेत. मायक्रोफोनही लावायचा, कमरेला बांधायचा छोटा स्पीकर मिळतो, त्यात कमीपणा काही नाही. आणि ऑपरेशनच्या तारखा शाळेच्या सुट्ट्यांच्या आसपास ठेवता आल्या तर ताईंना आवाज सावरायला वेळ मिळेल.

कृष्णाकाठ

ताईला हे सगळं वाचून दाखवलं. तिने विचारलं, थांबायचं ठरवलं तर मध्येच काही झालं हे कसं कळणार? आणि खर्चाचं काय?

डॉ_कानघसा

ताईंना सांगा, गाठीला रोज चाचपू नका, दाबू नका, महिन्यातून एकदा आरशात बघा. आवाज बदलून तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, गिळताना अडकल्यासारखं वाटलं, एका बाजूची पापणी खाली आली, जीभ एका बाजूला वळायला लागली, किंवा गाठ भराभर वाढली तर पुढच्या एमआरआयची वाट बघू नका. दोन्ही एमआरआय शक्यतो त्याच मशीनवर, तेच कॉन्ट्रास्ट सीक्वेन्स, तुलना नीट होते. फिल्म आणि सीडी दोन्ही जपून ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ईएनटी विभागात किंवा कॅन्सर सेंटरच्या हेड-नेक विभागात दाखवा, साध्या गाठींचं कामही तिथे होतं. महात्मा फुले योजनेत बसतं का ते त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. ताई शिक्षिका आहेत म्हणून प्रतिपूर्तीचं प्रकरणही करता येईल, मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट वेगळ्या फायलीत ठेवा.

लातूरकर_७९

ताईंना माझा नमस्कार सांगा. काय ठरलं ते इथे नक्की कळवा, आणि कोणत्या विभागात दाखवलं तेही लिहा, लातूर-नांदेडकडच्या लोकांना उपयोग होईल.